धोंड्याची खुर्ची

अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला ऋषिकेश शिरपूरला सासरवाडीत आला, तर पाटाऐवजी खुर्ची मांडलेली. "जावयाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याइले खाली बसवू नका," असं सासऱ्यांनी, नानाजींनी, घरात बजावून ठेवलं होतं. डॉक्टरांनी मांडी घालायची मोकळीक कधीच दिली आहे, हे ऋषिकेश काही बोलला नाही. खुर्चीतला मान त्याला गोड लागत होता.

नानाजी परात घेऊन त्याचे पाय धुवायला खाली बसले. तसा तो गुडघ्यावरचा व्रण दाखवत म्हणाला, "आपल्याच गुडघ्याच्या गादीतल्या पेशी काढते, लॅबमंदी वाढवते अन् पुन्हा तिथंच बसवते. तुमीबी दाखवा एकदा, मामाजी."

"गेल्तो ना बापू तुमच्याच डॉक्टरकडे," नानाजी त्याचे पाय पुसत म्हणाले. "थो म्हणे, पेशी काढाले तुमच्या गुडघ्यात गादीच नाही उरली. बरं, जरा हात द्या मले. उठता येऊन नाही राह्यलं."

ऋषिकेशनं त्यांना उठवून खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली मांडी घातली. गुडघा जरासुद्धा दुखला नाही. दुखला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.