वाघोबाची जागा

जानी काय म्हणते, यावर सगळं अडलं होतं. देऊळ बांधून झालं होतं, कौलं चढली होती, भिंतींना चुना लागला होता. मुरबाडच्या भटजींनी अक्षय्यतृतीयेचा मुहूर्तही काढून दिला होता. फक्त देव अजून रानात होता, ऐनाच्या झाडाखाली, आणि देवासमोर जानी बसलेली होती.

तिला विचारायचं काम कुणी अंगावर घेईना. शेवटी मंडळींनी गणूला पुढे केलं. देवळाला जागा त्याने दिलेली, खटपटही त्याचीच.

जानी गावाच्या कडेच्या आदिवासी वाडीतली. तिचा नवरा पोश्या रानात लाकडं आणायला गेला, तो वाघाने नेला. त्यानंतर तिने आपली खोप उचलून थेट वाघोबाच्या शेजारी बांधली. वाघोबा म्हणजे वाघ कोरलेला, शेंदूर फासलेला कमरेइतका दगड. दिवसा ती लोकांच्या शेतावर राबायची. दिवस कलला की दगडासमोर येऊन बसायची, ती उजाडेपर्यंत. पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेऊन बसे. तेव्हापासून गावात वाघ आला नव्हता. माणूस तर सोडाच, साधं वासरू गेलं नव्हतं. बायका म्हणत, देवाने नवरा नेला तरी ही देवावर रुसली नाही, अशी भक्ती कुणाला जमायची? येता-जाता लोक देवाला हात जोडत आणि मग जानीलाही.

गणू पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने पायांतल्या वहाणा लांबच काढल्या.

"जाने, देवाला गावात न्यायचा ठरलाय."

"कोनी ठरवला?"

"गावानं. देऊळ बांधलाय ना. रोज पूजा होईल, निवद होईल. हितं उनापावसात किती दिस ठेवायचा त्याला?"

"त्याला काय उनापावसाचा!" जानी म्हणाली. गणूशी बोलतानाही तिने दगडावरून नजर काढली नाही.

खरी गोष्ट अजून सांगायची होती. ती सांगताना गणूचा आवाज खाली गेला.

"आनखी एक हाय. वाडीच्या लोकांना आत नाय येता येनार. पायरीखालनं दर्शन घ्यायचा, असा मंडळींनी ठरवलाय. मी... मी काय बोललो नाय तवा."

जानी रडेल, शाप देईल, दगडाला मिठी मारेल, असं काय काय त्याच्या मनात येऊन गेलं.

"म्हंजे मला त्याच्यासमोर बसता नाय येनार?"

"नाय."

तिने आखडलेले पाय हळूच लांब केले.

"न्या," ती म्हणाली. "मी पन थकलेय आता. गावाचा देव हाय, गावानं सांभाळावा."

एवढ्यावर ती कबूल होईल, असं गणूला वाटलं नव्हतं. परतताना त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट, कुणाच्या ताटातला घास ओढून घेतल्यासारखं वाटत राहिलं.

अक्षय्यतृतीयेला बैलगाडीतून देव गावात आला. ढोल वाजले, भटजींनी मंत्र म्हटले, आरती झाली, पंगती उठल्या. जानी लांब आंब्याखाली उभी होती. ती आज देवाकडे बघत नव्हती. डोंगराकडे, गाडीच्या बैलांकडे, पंगतीतल्या बायकांच्या लुगड्यांकडे बघत होती. तिचा चेहरा इतका मोकळा गणूने कधी पाहिला नव्हता. दुःख लपवतेय बिचारी, असं त्याला वाटलं.

दिवस कलला. माणसं पांगली. गणू पानावर प्रसाद घेऊन तिच्याकडे गेला.

"जाने, मी उद्या मंडळींशी भांडीन. तुझ्याइतकी सेवा या गावात कोनी केली नाय. तुला आत बसता आलाच पायजे."

"आत आता कोन बसलाय?" तिने विचारलं.

"कोनी नाय. भटजी मुरबाडला गेले. उद्या सकाळी येऊन कोनीतरी दिवा लावील."

"एकटाच हाय तो?"

"देवाला गो सोबत कशाला?"

जानीने उचललेला घास तसाच पानावर ठेवला. देवळासमोरच्या अंगणात गावची पोरं अजून हुंदडत होती. डोंगराची सावली पार तिथवर आली होती.

"सेवा?" ती म्हणाली. "गणूदादा, मी त्याला कदी हात तरी जोडलाय? मी त्याला उठू देत नव्हते. पोरांना घरात घ्या."