मागची गाडी

हौशी लोकांच्या गाड्यांचा ताफा घेऊन फुरकान आंबेनळी घाट चढायचा, तेव्हा त्याचा नियम एकच असायचा: मागची गाडी आरशात दिसलीच पाहिजे, नाही दिसली तर थांबायचं. तरी आज पोलादपूरचा चहा आटोपून निघाल्यापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती. कुणीतरी मागे राहिलंय, असं सारखं वाटत होतं. दर वळणावर तो वॉकीटॉकीवर विचारायचा, "सगळे आहेत ना रे?"

शेवटच्या गाडीतून इरशाद वैतागून सांगायचा, "सगळे पुढं हायत, भाई. माझ्या मागं कुणी नाय."

फुरकानची बायको, महेक, महाडहून निघतानाच मागच्या सीटवर शाल ओढून झोपली होती. तिची झोपमोड नको म्हणून त्याने वॉकीटॉकीचा आवाज बारीक केला, पण त्याची चुळबुळ काही थांबेना.

घाटमाथ्यावर गाड्या ओळीने लागल्या. खाली उतरून त्याने एकेक गाडी डोळ्यांखालून घातली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मोबाइलला रेंज आली आणि तो वाजला. फोन महेकचा होता.

"चहाला उतरले, ती पोलादपूरलाच बसलेय टपरीवर," ती म्हणाली. "तुमच्या गाड्या पोचल्या ना सगळ्या?"