फोन हिर्लेकरांकडे द्या

"मॅडम, पासवर्ड सांगा लवकर. बाहेरचं कुणीतरी तुमच्या टेलिफोन यंत्रणेत घुसतंय, मी इथूनच अडवतो."

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या कुमुदिनीबाई फोनवरच्या अनोळखी माणसाचं बोलणं ऐकून घाबरल्या. यंत्रणा कुणी ताब्यात घेतली तर कॅज्युअल्टीचे फोनही बंद पडणार. त्यांनी ड्रॉवरमधून पासवर्डची चिठ्ठी काढली.

"घाबरू नका. हिर्लेकरसाहेब माझ्या शेजारीच बसलेत. त्यांनीच विचारायला सांगितलंय."

बाई थबकल्या. बारा वर्षं हिर्लेकरच ही यंत्रणा सांभाळायचे. दर भेटीत बजावायचे, "मी फोनवर मागितला तरी सांगायचा नाही."

परवाच बाई त्यांच्या दहाव्याला जाऊन आल्या होत्या.

चिठ्ठी मुठीत आवळून त्या म्हणाल्या, "द्या ना त्यांच्याकडे फोन. मलाही बोलायचंय."

पलीकडच्याने फोन ठेवला. बाईंनी मात्र रिसीव्हर बराच वेळ कानाला लावून ठेवला.