अकरा शुक्रवार

वर्तमानपत्राची पानं अजून कोरडीच होती. तुरे बोटीच्या तळाशी पोटावर पडला होता. फळ्या उचलून बाजूला ठेवलेल्या, हातात टॉर्च. सकाळी सातला त्याने तळ फडक्याने टिपून काढला होता आणि सगळीकडे कोरडे कागद पसरले होते. ज्या कोपऱ्यातला कागद आधी भिजेल, तिथे गळती. पाच तास झाले, एकही कागद भिजला नव्हता.

दोनला क्रेन येणार होती. क्रेनवाल्या आनेलीने फोनवर सरळच सांगितलं होतं, "गळकी बोट कुणी घेणार नाही, तुरे. उचलली की करवतीखालीच जाईल." मुलगी कारिनही तेच म्हणत होती. बोट अडतीस वर्षांची होती. तुरे आणि मायब्रिटने ती लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतली होती. मायब्रिट मार्चमध्ये गेली. मे महिन्यात तुरेने नेहमीप्रमाणे बोट पाण्यात उतरवली, धक्क्याला बांधली आणि ताडपत्री ओढून घरी गेला. तिच्याशिवाय बोट बाहेर नेणं त्याच्याने झालं नाही.

दर शनिवारी तो फक्त पंप बघायला यायचा. तळात पाणी साचलं की पंप आपोआप चालू व्हायचा, आणि किती वेळा चालला ते शेजारच्या डबीत दिसायचं. दर आठवड्याला पंचवीस-तीस वेळा. एवढं पाणी पावसाचं नव्हतं. ताडपत्री धड होती, आणि जुलै कोरडाच गेला होता. म्हणजे समुद्र आत येत होता. त्याने मागे पंख्याचा दांडा बाहेर पडतो तिथला रबरी भाता तपासला. बोटीच्या बुडातल्या सगळ्या तोट्या तपासल्या. इंजिनाखाली हात घालून बघितलं. सगळं कोरडं. बोट कुठून भरते तेच कळत नव्हतं.

साडेबाराला वर धक्क्यावर पावलं वाजली. डेकवर काहीतरी धातूचं खडखडलं. थोड्या वेळाने केबिनमधल्या छोट्या चुलीच्या कपाटाखालून पाण्याचा लोट आला आणि कागद एकामागून एक काळे पडत गेले.

तुरे सरपटत पुढे गेला. त्याने पाण्यात हाताचं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

गोडं होतं.

त्याने पुन्हा चाखलं. समुद्राचा मागमूस नव्हता. कपाटाचं दार उघडून त्याने टॉर्च मारला. पिण्याच्या पाण्याच्या टाकीची नळी मोकळीच लोंबत होती आणि तिच्यातून पाणी धो धो पडत होतं. थंडीत टाकी गोठून फुटू नये म्हणून शरदात ही नळी सोडायची, हे काम तुरेचं. वसंतात ती परत बसवायची, हे मायब्रिटचं. यंदा ती कुणी बसवलीच नव्हती. बसवायची गरजच काय, टाकी भरणार कोण होतं?

तुरेने नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि ओरडला, "पाणी बंद कर! कोण आहे वर?"

वरून येणारं पाणी थांबलं. दारातून सिक्स्टेनचं लाल तोंड आत डोकावलं. सिक्स्टेन शेजारच्या बोटीचा मालक. आठवडाभर पलीकडच्या बेटावर पिवळी फेरीबोट चालवायचा, शुक्रवारी दुपारी घरी यायचा.

"देवा! अरे, तू आत आहेस होय? मेलो ना मी भीतीने. जमिनीवर काय पडलायस असा, सील माशासारखा?"

"तू काय करतोयस माझ्या बोटीवर?"

"टाकी भरतोय. दिसत नाही?"

"का?"

"का म्हणजे? पाइप हातात आला की शेजाऱ्याचीही टाकी भरायची, या धक्क्यावर असंच असतं. मायब्रिट वीस वर्षं माझी भरत होती. मी तिला एकदा तरी सांगितलं होतं का, भर म्हणून?"

 अंगठ्याच्या कडेने पाणी तुरेच्या मनगटावरून बाहीत शिरत होतं. किनाऱ्यावर क्रेनचा भोंगा वाजला. आनेली दीड तास आधीच आली होती.

"हे काय? क्रेन कुणासाठी?" सिक्स्टेनने विचारलं.

"माझ्यासाठी. जा, तिला सांग, नको."

"आज नको?"

"कधीच नको. म्हणावं, बोट गळत नाहीये."

सिक्स्टेनने वळून दोन्ही हात हलवले आणि किनाऱ्याकडे बघून ओरडला, "नको म्हणतोय! म्हाताऱ्याचं मन बदललं!" मग तो पुन्हा खाली वाकला. "बोलावलीसच कशाला ती? एवढी चांगली बोट."

"सिक्स्टेन," तुरे म्हणाला, "हे कधीपासून चाललंय?"

"मेपासून. दर शुक्रवारी. हा अकरावा."

"आणि मला एकदाही बोलला नाहीस?"

सिक्स्टेनने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला तुरेचा अंगठा दिसत नव्हता.

"बोलायचं काय त्यात? दर शुक्रवारी बघावं तर टाकी ठणठणीत रिकामी. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, तुरेची काळजी करू नकोस, बोटीवर येतोय तो, कॉफी करून पितोय, आठवडाभराचं पाणी संपवतोय."