मोजे काढा

परिचर्या परिषदेच्या निरीक्षक मेरी साळवे रणदिव्यांच्या प्रसूतिगृहात पोचल्या, तेव्हा नुकतंच एक बाळंतपण झालं होतं. बाळंतिणीजवळ उभ्या असलेल्या नर्स रेश्माच्या हातांत चंदेरी कौशल्यमोजे होते. ते घातले की नवखे हातही कसबी नर्ससारखे चालत.

एकाएकी मोजे बंद पडले. बाळंतिणीचं रक्त वाहू लागलं, तरी रेश्मा हात हवेत धरून नुसती उभी.

“पोट चोळ ना! बघतेस काय?” मेरीबाई ओरडल्या.

“मोज्यांशिवाय मला काहीच येत नाही, मॅडम.”

तिला बाजूला सारून मेरीबाईंनी स्वतः पोट चोळलं. गर्भाशय हाताखाली हळूहळू घट्ट झालं आणि रक्त थांबलं.

डॉक्टर रणदिवे हसत आत आले. “नवे मोजे मागवलेत. परीक्षा, नोंदणी ही आता जुनी थेरं झाली, बाई.”

“मोजे येईपर्यंत ही मेली असती,” मेरीबाई तुच्छतेने म्हणाल्या. “हिला सरकारी दवाखान्यात हलवा. मग या दाराला सील लागेल. आणि तुमच्या बोटांवर हे चंदेरी काय चमकतंय, डॉक्टर? काढा बघू.”

रणदिव्यांनी दोन्ही हात खिशात घातले.