कागदाची प्लेट

कॅरेननं सगळ्यांना काचेच्या प्लेटी दिल्या आणि ह्युबर्टला कागदाची.

चौक गावातलं सणाचं जेवण, घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. ह्युबर्टच्या मनगटावर पावसाळ्यापासून एक कोरडा, रंग उडालेला चट्टा होता. गावात कोणी कोड म्हणायचं, कोणी आवाज खाली करून महारोग. पण सख्ख्या बहिणीनं असं करावं?

त्याची बायको आयरिन उठली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"कॅरेन, भावाला काचेची प्लेट न्हाय काय गो?"

"तसं न्हाय वहिनी. घरात पोरं हायेत ना, म्हणून."

"पोरं हायेत! आणि त्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरवतो कोण? तेव्हा बरा चालतो हात!"

तिनं ती कागदाची प्लेट टराटरा फाडली. तरातरा चुलीकडे गेली, इंदाळाच्या तिखट रश्श्याचं रटरटतं भांडं नुसत्या हातांनी उचललं आणि आणून ह्युबर्टच्या पुढ्यात आदळलं.

"अगो, फडकं तरी घे!" कॅरेन किंचाळली.

"फडकं तू घे. तोंड झाकायला."

मग दोघं नवरा-बायको एकाच काचेच्या प्लेटीत जेवली. सावकाश, पोटभर, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

दुसऱ्या दिवशी आयरिननं त्याला ओढतच भाईंदरच्या बसमध्ये बसवलं. ह्युबर्टला जायचं नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत मनगट खाजवत होता.

"न्हाय कळलेलंच बरं," तो म्हणाला. "खरंच महारोग निघाला तर होडीवर कोण घेल मला?"

"निघाला तर निघाला. रोग हाय, पाप न्हाय. एकाच ताटात जेवू, एकाच गोधडीत झोपू. ज्याला बघवत न्हाय त्यानं डोळे मिटावे."

"तुला भीती न्हाय वाटत?"

"माझ्या माणसाची कसली भीती? आणि सारखा खाजवू नको. माझ्या हातावर बी उन्हाचा डाग पडलाय सुकट वाळवून, मी कधी बोट तरी लावते काय?"

तिनं हात नाचवला. करंगळीला मोठा फोड आला होता.

"भाजलीस काय?"

"कुठं?" तिनं करंगळी वळवून पाहिली. "असेल कालचं. ती कॅरेन ना…" आणि ती पुन्हा कॅरेनवर घसरली. भाईंदर येईपर्यंत तिचं तोंड चालूच होतं.

दवाखान्यात डॉक्टर संचितांनी ह्युबर्टचा चट्टा उजेडात नेऊन नीट पाहिला. कापसाची बारीक वात केली. "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

"लागला," ह्युबर्ट म्हणाला. "आता बी लागला. गुदगुल्या होतात, डॉक्टरबाई."

"खाज येते?"

"जीव नकोसा होतो."

डॉक्टर हसल्या. "मग घाबरू नका. साधा नायटा आहे. ओले कपडे अंगावर वाळवू नका, मलम लावा, जाईल. खाज नसती आणि कापूस कळला नसता, तर काळजी होती. अर्थात त्यालाही औषध आहे, वेळेत घेतलं की पूर्ण बरं होतं."

ह्युबर्टनं एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. आयरिननं तर टाळीच वाजवली.

"नायटा! ऐकलंस? आता जाते आणि कॅरेनच्या दारात उभी राहून ओरडते, नायटा!"

ह्युबर्टला आता चेष्टा सुचायला लागली. "डॉक्टरबाई, हिचा बी बघा की एक डाग. मला ओढत आणते काय! हं, मिट डोळे."

"मिटते! मी काय घाबरते काय तुझ्यासारखी?" आयरिननं बाही वर सारली, हात टेबलावर पसरला आणि डोळे गच्च मिटले.

डॉक्टरांनी कापूस हातात घेतला. जरा वेळानं त्या पुढे वाकल्या. त्यांनी आयरिनची करंगळी हळूच वळवून फोड पाहिला. ह्युबर्टचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि तिचा दुसरा हात आपल्या हातात घेतला.

"हात काय धरतोस? लोक बघतील," आयरिन मिटल्या डोळ्यांनी हसली. "आणि डॉक्टरबाई, लावा की तो कापूस, कवाची बसलेय मी!"