रजई पांघरलेला हीट पंप

"पुन्हा बंद पडला?" मेकॅनिकनं दारातच बूट काढले आणि कुणी वाट दाखवायच्या आधीच तो मागच्या दाराकडे निघाला.

ताईला हा आगाऊपणा आवडला नाही. पहिल्यांदा घरात येतोय आणि चालतोय कसा, जावई असल्यासारखा! पण घर गारठलं होतं. ते गरम ठेवणारा हीट पंप सकाळपासून सारखा मान टाकत होता आणि म्हातारी आई खुर्चीत शाल लपेटून बसली होती. ताईनं राग गिळला.

मागच्या भिंतीलगत पंपाचं बाहेरचं युनिट होतं. त्याच्यावर कुणीतरी जाड रजई पांघरून वरून सुतळीनं करकचून बांधली होती.

"पंख्याला मोकळी हवा लागते हो," मेकॅनिक हळूच म्हणाला. "असा गुंडाळला की आत बर्फ धरतो आणि मशीन आपणहून बंद होतं."

"कपाळ माझं! त्याला काय थंडी वाजते? आई, हे तुझंच काम ना?"

आई दारात येऊन उभी होती. तिनं रजईकडे पाहिलं, मग ताईकडे. "असेल गं. माझ्याच हातून झालं असेल."

मेकॅनिक गाठीशी झटापट करत होता. ताईनं त्याला बाजूला सारलं आणि एका झटक्यात ती सोडली. सगळी नोकरी पार्सल ऑफिसात गेलेली. तिच्यापुढे सुतळीची काय बिशाद! मेकॅनिकनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली.

पंप सुरू झाला, खोलीत ऊब आली, पण ताईला बरं वाटेना. आज दादा गाडी घेऊन येणार होता. कधी गॅस चालू राहायचा, कधी रात्रभर दार सताड उघडं. विचारलं की आईचं ठरलेलं, "असेल गं." शेवटी दादानं डॉक्टरांशी बोलून सांभाळणारी जागा शोधली. आपल्या आईला आपणच घराबाहेर काढतोय, या विचारानं ताईचा जीव तुटत होता.

बॅग आईनंच भरली होती. ताईला हातसुद्धा लावू दिला नव्हता. वाकड्या झालेल्या बोटांनी आईला स्वेटरची बटणंही लावता येत नसत, ती रोज ताईच लावायची. उद्यापासून कोण लावणार?

"आई, रागावू नकोस गं. तिथे चोवीस तास माणसं असतात."

"हो ना. मला तोच धीर आहे."

"रोज भेटायचं हं आपण."

"रोज," आई म्हणाली आणि तिनं ताईचा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते.

बाहेर हॉर्न वाजला. दादा आत आला आणि त्यानं बॅग उचलली. तेवढ्यात ताईला खिडकीत राहिलेला आईचा चष्मा दिसला.

"थांब रे, हा राहिलाच!"

"ताई, असू दे तो," दादा म्हणाला. तोवर तिनं चेन ओढली होती.

आत ताईचे स्वतःचे स्वेटर होते, नीट घडी केलेले, आणि त्यांच्यावर तिचा स्वतःचा चष्मा.